लेओनोराचे चाळीस हप्ते

एक

"लेओनोरा पाल्मारेस कुठे भेटेल?" मी विचारलं.

"आज?" कोपऱ्यावरची दुकानदारीण हसली. "आज घरी कोण सापडणार, मॅडम? दफनभूमीत बघा."

तिचं बरोबर होतं. एक नोव्हेंबर, मृतांच्या आठवणीचा दिवस. सगळी तालिसायन वस्ती आपापल्या मेलेल्या माणसांकडे गेली होती, मेणबत्त्या, भाताची पातेली आणि गाणी म्हणायची यंत्रं घेऊन. मी थडग्यांमधून वाट काढत नाव विचारत गेले. प्रत्येकाने पुढे बोट दाखवलं. शेवटचं बोट भिंतीलगतच्या एका चुन्याने सारवलेल्या चौथऱ्याकडे होतं.

लेओनोरा पाल्मारेस. मृत्यू २९ नोव्हेंबर. साल गेल्या वर्षीचं.

माझ्या पिशवीत तिचा कागद होता. १३ डिसेंबर, त्याच वर्षीचा. आठ हजार पेसो रोख मिळाले. खाली सही, लेओनोरा पाल्मारेस.

मेल्यावर चौदा दिवसांनी तिने कर्ज घेतलं होतं. आणि फेडलंही होतं. चाळीस आठवडे, दर गुरुवारी दोनशे चाळीस पेसो. सगळे चुकते केलेले.

एक, पण मागचं

मी इलोइलोतल्या एका कर्ज देणाऱ्या संस्थेत पडताळणीचं काम करते. परदेशातले लोक नाताळची भेट म्हणून एकमेकांना पंचवीस डॉलरची कार्डं देतात. ज्याला कार्ड मिळतं तो आमच्या संकेतस्थळावर फोटो बघत बसतो आणि एक बाई निवडतो. असे बरेच पंचवीस जमले की तिचं कर्ज उभं राहतं. तिने फेडलं की तो दुसरी निवडतो. मिनेसोटातल्या डोरिस नावाच्या आजीबाईंनी नातवंडांना कार्डं दिली होती आणि नातवंडांनी लेओनोरा निवडली होती. आता डोरिसबाई जानेवारीत आमच्या बेटांवर फिरायला येणार होत्या. त्यांना लेओनोराला भेटायचं होतं. मी नुसती वेळ ठरवायला आले होते.

आमचा नियम एका ओळीचा आहे. खोट्या नावावर कर्ज निघालं तर अख्खा गट कायमचा बाद. लेओनोराच्या गटात आणखी चौघी होत्या. चौघींचे नवे अर्ज माझ्याच टेबलावर पडले होते. ते फेटाळले गेले असते तर नाताळचा माल भरायला त्यांना एकच दार उरत होतं, मोटारसायकलवरून हिंडणारा सावकार, बुंबाय. तो पाच देतो आणि सहा घेतो.

अहवालाला मला सात दिवस होते.

दोन (संकेतस्थळावरून)

*ही लेओनोरा. वय ४१. ती अतिशय कष्टाळू आहे.*

(सगळ्याच कष्टाळू असतात. ते वाक्य आम्ही आधीच भरून ठेवतो.)

*ती सुकी मासळी विकते. तुमच्या मदतीतून ती मीठ आणि टोपल्या घेईल.*

*फोटोत ती आपल्या मालाशेजारी बसली आहे.*

(गटातल्या बाकी चौघी उभ्या आहेत. ही एकटी खुर्चीत. समुद्रावरच्या भर दुपारच्या उन्हात अंगात जाडं जाकीट, गळ्यापर्यंत बंद. हसते आहे.)

*फोटोची तारीख १८ नोव्हेंबर.*

(म्हणजे अकरा दिवस उरले होते.)

तीन

फोटो आमच्या संस्थेच्या जोवेलिनने काढला होता. वाटपही तिनेच केलं होतं. सव्वीस वर्षांची पोर, स्वतःची मोटारसायकल, तीन वस्त्यांचं वाटप आणि वसुली तिच्याकडे. मी तिला बाजारातल्या नूडल्सच्या दुकानात गाठलं.

"त्या दिवशी सव्वीस जणींचं वाटप होतं, मॅडम. नाव पुकारायचं, सही घ्यायची, पाकीट द्यायचं. चेहरे कुठे बघत बसू?"

"फोटो काढताना बघितला होतास."

"फोटोत बघते. एरवी सहीच बघते. तुम्हीच शिकवलंय ना?"

"ती मेली हे तुला कधी कळलं?"

जोवेलिनने वाटीत मिरची घातली. मग परत घातली. "आत्ता. तुमच्याकडून."

"मग ते आठ हजार कुणी खाल्ले?"

"खाल्ले असते तर हप्ते कशाला भरले असते? इतका वक्तशीर चोर कधी पाहिलात, मॅडम?"

एरवी तिखटाकडे न बघणारी ही मुलगी वाटी लालभडक करून बसली होती आणि एक घासही घेत नव्हती. खोटं कुठलं होतं ते कळत नव्हतं. पण कुठेतरी होतं.

चार

लेओनोराचा नवरा देन्सियो जाळं विणत बसला होता. मी संस्थेचं नाव घेतलं तसा तो धडपडत उठला. म्हटलं, पळतोय. तर त्याने माझा हात धरून कपाळाला लावला.

"या, या. तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही माझ्या बायकोला माती दिलीत."

"आम्ही?"

"तुमच्या विम्याने. नाहीतर ती अजून बैठकीच्या खोलीतच असती." तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. "सोळा दिवस होती इथे. ही टेबलं, इथे पत्ते. जागरणाला सगळी वस्ती यायची. डावातला वाटा पेटीसाठी काढायचे. लोकांनी पत्ते खेळून बोटं झिजवली हो, पण शवपेटीवाला हटेना. म्हणे बाकी द्या, मग पुरा. आणि देह टिकावा म्हणून मसाला भरलेला, त्याचेही रोजचे पैसे चढत होते."

"सोळा दिवस? कुणी परदेशातून यायचं होतं का?"

"आमचं कोण परदेशात? मी स्वतः अजून समोरच्या बेटावर गेलेलो नाही. पैशांची वाट बघत होतो. चौदा डिसेंबरला मानांग पुरिंगने आणून हातात ठेवले. मोजून आठ हजार. म्हणाली, विम्याचे आले. पंधराला दफन."

"मानांग पुरिंग?"

"त्यांच्या गटाची मुख्य. सगळ्या वस्तीची मानांग, मोठी ताई. तिने नाही तर कुणी आणायचे?"

मग तो आत गेला आणि एक शाळेची वही घेऊन आला. जागरणाला कुणी किती मदत दिली ते त्याने एकेक लिहून ठेवलं होतं. उद्या त्यांच्या घरी कुणी गेलं तर परत द्यायला हवं, म्हणून.

*२ डिसेंबर. मास्तर. १००.*
*२ डिसेंबर. बर्फवाला. ५० आणि बर्फ.*
*३ डिसेंबर. जोवेलिन, संस्थेची. २००.*

तीन डिसेंबर. वाटपाच्या दहा दिवस आधी जोवेलिन या खोलीत, या पेटीपाशी बसून गेली होती.

निघताना देन्सियोने मला दोन मासे बांधून दिले. नको म्हणता येईना. आमच्या संस्थेने लेओनोरासाठी विम्याचा एक पेसोही दिलेला नव्हता.

पाच

मासे स्वयंपाकघरात ठेवले आणि वसुलीचा तक्ता काढला.

आता तिघांवर संशय होता. देन्सियोने खोटी सही करून पैसे उचलले आणि मला विम्याची गोष्ट सांगितली? मग तो वही दाखवायला कशाला गेला असता. वही नसती तर जोवेलिन मला सापडलीच नसती.

जोवेलिनने उचलले? मग ते दुसऱ्याच दिवशी देन्सियोच्या हातात कसे आले?

पुरिंगने उचलले हे उघड होतं. पण तिने सगळेच्या सगळे देऊन टाकले होते. आणि नंतर चाळीस आठवडे दोनशे चाळीस भरायची तिची ऐपत नव्हती. तिचा स्वतःचा हप्ता तेवढाच होता, आणि तोसुद्धा दोनदा उशिरा आलेला.

मी लेओनोराची ओळ बोटाने चाळत गेले. २४०, २४०, २४०. सतराव्या आठवड्यात १८०. अठराव्यात ३००.

एकदाच, साठ कमी. पुढच्या गुरुवारी साठ जास्त.

मग मी सतराव्या आठवड्याचा उभा रकाना बघितला. गटातली रिझालिना, पानात बांधलेला चिकट भात विकणारी, त्या गुरुवारी गैरहजर होती. लेक बाळंत म्हणून बाकोलोदला. जाण्याआधी तिने स्वतःचे दोन हप्ते एकदम भरले होते. शिस्तीची बाई. फक्त एक विसरली होती.

दोनशे चाळीसचे चार भाग केले की साठ.

सहा

जोवेलिनला फोन केला. वहीतली तारीख वाचून दाखवली. ती म्हणाली, "मानांग पुरिंगकडे जा, मॅडम. आणि तिथे गेल्यावर बसून ऐका. उभ्याने नको."

सात

चौघी पुरिंगच्या ओसरीत मासळी निवडत होत्या. पुरिंग मध्ये, रुंद, पान खाल्ल्यासारखं तोंड मिटून. तिच्या डाव्या बाजूला रिझालिना, उजवीकडे दोन बहिणी. त्या दोघी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

"बसा मॅडम," पुरिंग म्हणाली. "खुर्ची नवी आहे. तुमच्याच कर्जातली. कागदावर ती मिठाचं पोतं आहे."

मी बसले. "दर गुरुवारी तुम्ही चौघी साठ साठ काढत होता. लेओनोराच्या नावाने. रिझालिना बाकोलोदला गेली त्या आठवड्यात..."

"अगं बाई!" रिझालिना म्हणाली. "मी म्हटलेलं ना तुम्हाला, साठ ठेवायचे राहिले म्हणून!"

"झालं," पुरिंग म्हणाली. "हिला पोलीस लागत नाहीत. नुसतं नाव घेतलं की ही सगळं ओकते."

"पैसे तुम्ही दुसऱ्याच दिवशी देन्सियोला दिलेत. शवपेटीवाला अडून होता म्हणून सोळा दिवस. जोवेलिनला सगळं ठाऊक होतं. सही कुणाची?"

"माझी. आधी माझ्या नावाने घेतले, मग डोक्याला टॉवेल गुंडाळून परत रांगेत उभी राहिले. टॉवेल कशाला गुंडाळला देव जाणे. जोवेलिन मला ओळखत होती, मी तिला. ती नाव पुकारत होती आणि रडत होती. मागची बाई म्हणाली, हिला कोणी पंखा लावा."

मी पुढचा प्रश्न विचारला. तो मला आधी पडायला हवा होता.

"पण हे सगळं कशाला? कर्ज चालू असताना बाई गेली तर विमा असतो. पंधरा हजार मिळतात. तुम्ही मागितला का नाही?"

पुरिंगने हातातला मासा टोपलीत टाकला.

"मागितला. तीस नोव्हेंबरला, पहिल्या गाडीने. तुमच्या खिडकीतला तो गोरटेला म्हणाला, जुनं कर्ज पंधरा नोव्हेंबरला बंद झालं, नवं अजून सुरू नाही. मधल्या दिवसांत ही बाई आमची कोणी नाही."

"जुनं तर सहा डिसेंबरपर्यंत होतं."

"होतं ना! तीन हप्ते उरले होते. पण जोवेलिन निरोप घेऊन आली, तिन्ही आत्ताच भरा. नाताळची कार्डवाली माणसं येतील. जुनं मिटलं नाही तर नवा फोटो लागणार नाही, आणि जानेवारीत कोणी फोटो बघत नाही. म्हणून भरले सगळ्यांनी. लेओनोरानेही भरले." तिने पुढचा मासा उचलला. "तिला तेव्हाच ताप होता. घरात सातशे वीस होते. मला येऊन विचारलं, पुरिंग, डॉक्टरला देऊ की संस्थेला?"

समोरच्या कुत्र्याने टोपलीत तोंड घातलं. कोणी हाकललं नाही.

"मी म्हटलं, संस्थेला दे. कर्ज आलं की त्यातून डॉक्टर. गटाची मुख्य ना मी. अक्कल मलाच असायला हवी. फोटोच्या दिवशी तिला उभं राहवेना, म्हणून खुर्ची दिली. थंडी वाजत होती, माझं जाकीट घातलं. छान आला म्हणे फोटो. तीन दिवसांत पैसे भरले त्या लोकांनी."

"मानांग..."

"मला मानांग म्हणू नका. बाद करायचं असेल तर मला करा, मी सही केली. आम्ही कोणाचा एक पेसो बुडवला नाही. आणि देन्सियोला काही बोलू नका. बायको मानाने गेली असं वाटतंय त्याला. वाटू दे." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "एक सांगा. ते तिन्ही हप्ते एकदम घ्यायचं, ते कुणाचं डोकं हो?"

आठ

*परिपत्रक. सर्व क्षेत्र कर्मचाऱ्यांसाठी.*
*नाताळच्या भेटकार्डांचा हंगाम लक्षात घेता, तीन किंवा त्याहून कमी हप्ते शिल्लक असलेली सर्व कर्जे १५ नोव्हेंबरपर्यंत पूर्ण करून घ्यावीत व नव्या कर्जासाठी छायाचित्रे २० नोव्हेंबरपर्यंत पाठवावीत.*
*देलिया फोर्तालेझा, प्रभारी शाखाप्रमुख.*

देलिया फोर्तालेझा मी.

तीन महिने शाखा माझ्याकडे होती. वरून तोंडी सूचना आली, डिसेंबरात फोटो जास्त हवेत. कसे आणायचे ते मी शोधून काढलं. अर्ध्या तासात लिहिलं. विम्याचा विचार मनात आला नाही. त्या डिसेंबरात आमची शाखा प्रांतात पहिली आली, आणि मला बक्षीस म्हणून एक हॅम मिळालं. आम्ही ते चोवीस तारखेला खाल्लं. चांगलं होतं.

नऊ (अहवाल, खोडलेल्या भागासह)

*कर्ज क्र. ११७ हे मृत सदस्याच्या नावे, गटप्रमुखाच्या खोट्या सहीने उचलले गेले. क्षेत्र कर्मचाऱ्यास माहिती होती.*

*रक्कम दफनासाठी वापरली गेली. पूर्ण परतफेड चार सदस्यांनी केली.*

~~*यात कोणाचेही नुकसान झालेले नाही.*~~ (खोडलं. झालं होतं.)

*सदस्य विम्याबाहेर राहिली याचे कारण सोबत जोडलेले परिपत्रक आहे. ते मी लिहिले.*

हे मी का लिहिलं? डोरिसबाईंचं पत्र मुख्य कार्यालयात पोचलेलं होतं, लेओनोरा कुठे हे कोणीतरी विचारणारच होतं. आणि मला वाटलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले तर कोणालाही दिसेल की सही आधी कुठली झाली.

आताचे शाखाप्रमुख एव्हारिस्तो सरांचा फोन आला. "देलिया, हे मागचं पान कशाला?"

"तेच कारण आहे, सर."

"चौकशी सहीची होती. पान काढून परत पाठव."

"मी काढणार नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. अगदी शांतपणे, चहाला नाही म्हटल्यासारखं. "मग मी काढतो."

जोवेलिनला त्याच आठवड्यात काढलं. मोटारसायकलचे हप्ते बाकी होते, ती विकून ती मनिलाला गेली. डोरिसबाईंना कार्यालयाने कळवलं की लेओनोराने संपूर्ण कर्ज फेडलं असून ती आता तालिसायनला राहत नाही. त्यांनी उलट आभार मानले आणि नातवंडांसाठी यंदा सहा कार्डं घेतली. परिपत्रक याही वर्षी निघालं. तारीख बदलली होती. सही एव्हारिस्तो सरांची.

मला कोणी काही विचारलं नाही. मी अजून तिथेच आहे.

दहा

चौघींना बाद केल्याची पत्रं पोस्टाने जाणार होती. मी मागून घेतली आणि स्वतः घेऊन गेले. डिसेंबरचा दुसरा आठवडा. घरोघर कागदी तारे लागले होते.

पुरिंगने उभ्यानेच वाचलं. "कायमचं," ती म्हणाली. "चौघींना?"

"मी दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. दुसरं पान त्यांनी..."

"दुसरं पान," ती म्हणाली. "बरं."

रिझालिना पायरीवर बसली होती. तिने पाकीट फोडलंच नाही. बुंबाय काल येऊन गेला, म्हणाली. तो फोटो मागत नाही.

तेवढ्यात देन्सियो आला, हातात एक पाकीट. मला बघून त्याने पुन्हा माझा हात कपाळाला लावला. "बघा, तुम्ही समोरच! तुमच्या कंपनीचं पत्र, पोस्टातून. वर तिचं नाव आहे, लेओनोराचं. बारीक अक्षर, इंग्रजीत. मानांग, वाच ना."

मी हात पुढे केला. पुरिंगने तो बाजूला सारला आणि पत्र घेतलं. आधी मनात वाचलं. ओठ हलत होते, आणि एका ओळीवर थांबले. मग तिने घसा साफ केला.

"'प्रिय देन्सियो. लेओनोरासारखी चांगली बाई आम्ही विसरलेलो नाही. नाताळच्या शुभेच्छा.'"

"एवढंच? कागद तर भरलेला आहे."

"इंग्रजीत लांबण लागते, दादा."

त्याने पत्र परत घेतलं, पँटवर ठेवून हाताने सपाट केलं. "तिच्या फोटोखाली लावतो. कंपनीचा शिक्का आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल." आणि तो गेला.

पुरिंग त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"चाळीस हप्ते न चुकवल्याबद्दल अभिनंदन. नाताळसाठी बारा हजार मंजूर." ती टोपलीपाशी जाऊन बसली आणि मासळी निवडायला लागली. "आमच्या गटात कर्ज मिळणारी आता ती एकटी, मॅडम. फक्त नवा फोटो हवा म्हणतात. वीस तारखेच्या आत."